फलाटची कलती मान

मंगळवार, ९ एप्रिल. सकाळपासून वारा. पडदे धुऊन झाले. फलाटला आंघोळ घातली, त्यात न्हाणीघराची मोरी तुंबली. धाकट्याने तार घालून मोकळी केली. संध्याकाळी डेपो मॅनेजर आले. तासाभराने आपल्या संचातला सहावा कप घेऊन गेले. चोरला नाही, आपणच दिला. जाताना सगळ्यांचे आभार मानले, कुत्र्याचेही.

ही नोंद ताईंच्या डायरीतली. बसस्थानकाच्या मॅनेजरने एका निवृत्त माणसाच्या घरी यावं आणि कान तुटलेला कप वर्तमानपत्रात गुंडाळून, लहान बाळासारखा छातीशी धरून न्यावा, हे कुणालाही विचित्र वाटेल. ताईंना वाटलं नाही, कारण हे प्रकरण त्यांनी पहिल्यापासून पाहिलं होतं. ते सांगायचं तर त्यांच्या धाकट्या भावापासून सुरुवात करायला हवी.

या भावाला सगळं गाव माईकराव म्हणायचं. बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून, कुठली बस कुठल्या फलाटावर लागली आहे आणि कुठली अजून का लागलेली नाही हे सांगणं, हे त्यांचं उभ्या आयुष्याचं काम. खोली एवढीशी, की आत शिरायचं तर आधी खुर्ची बाहेर काढावी लागे. आत एक माईक, एक घड्याळ, एक पंखा आणि माईकराव. पंखा लावला की त्याची घरघर माईकमधून सगळ्या फलाटांवर ऐकू जाई, म्हणून माईकरावांनी तो कधी लावला नाही. ते घामाघूम होऊन बोलायचे, पण आवाज असा यायचा की जणू बोलणारा माणूस थंडगार गच्चीवर उभा आहे.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी सूचनेआधी वाजणारी विजेची घंटा बंद पडली. नव्या घंटेची मागणी वर गेली आणि वरच राहिली. घंटा न वाजवता बोलायला लागणं म्हणजे कडी न वाजवता दुसऱ्याच्या घरात शिरणं, असं माईकरावांचं मत होतं. त्यांनी घरून एक कप नेला. लग्नात आहेर आलेल्या सहाच्या संचातला, कान तुटलेला. चमच्याने एक ठोका कपाच्या पोटावर, दुसरा काठावर. टण्, टिंग. कपात चहा मात्र निम्माच हवा. भरलेला असला तर आवाज बसतो, रिकामा असला तर किंचाळतो. त्यामुळे चहा निम्म्यावर राखणं हाही नोकरीचा भाग झाला, आणि माईकराव निवृत्त होईपर्यंत रोज निम्मा कप गार चहा प्यायले.

इकडे घरी त्यांची बायको सहाव्या पाहुण्याला स्टीलच्या पेल्यात चहा देत राहिली. "सहावा कप कुठे गेला?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "नोकरीला लागलाय."

काचेच्या खोलीचे दोन नियम होते. बोलताना 'मी' म्हणायचं नाही, आणि प्रश्न विचारायचा नाही. उद्घोषकच जर म्हणाला, "मला वाटतं बस येईल, तुम्हाला काय वाटतं?" तर प्रवाशांनी काय करायचं? हे नियम माईकरावांच्या इतके अंगात मुरले की घरी येऊनही सुटेनात. भाजीत मीठ कमी पडलं तर ते म्हणायचे, "भाजीत मिठाचं आगमन अद्याप झालेलं नाही." तापाने फणफणले तरी "ताप आहे" एवढंच, कुणाला, ते घरच्यांनी चेहरे बघून शोधायचं. लग्नाच्या वेळीसुद्धा त्यांनी मुलीला काही विचारलं नव्हतं. होकार देण्यात आला आहे, एवढं कळवलं होतं.

निवृत्तीच्या आधी वरच्यांनी त्यांना तीन दिवस बसवून सगळ्या सूचना टेप करून घेतल्या, कपाच्या ठोक्यासकट. माणूस घरी आला, आवाज नोकरीवर राहिला. संध्याकाळी फिरायला म्हणून माईकराव बसस्थानकावर जायचे, बाकावर बसून स्वतःला ऐकायचे, आणि कुठे शब्द खाल्लाय का हे बघून परत यायचे.

घरात मात्र पंचाईत होती. कप त्यांच्याबरोबर परत आला होता आणि जेवणाच्या टेबलावर त्यांच्या उजव्या हाताशी असायचा. टण्, टिंग. "सर्वांनी कृपया लक्ष द्यावे. स्नानगृह पाच मिनिटांत रिकामे होत आहे." मग तेच दुसऱ्यांदा, कारण प्रत्येक सूचना दोनदा द्यायची असते. पण लक्ष कोण देतो? बायको नेमका त्याच वेळी नळ सोडायची. औषधांच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांचं ऐकून आलेली मुलगी कानात गाणी घालून बसायची. ताई ऐकायच्या, पण त्यांचं बोट वाचत असलेल्या ओळीवर असायचं, आणि माईकरावांना ते बोट दिसायचं.

सारा दिवस सगळं गाव ज्याच्या आवाजावर उठलं-बसलं, त्या माणसाचं आता घरात चिटपाखरूही ऐकत नव्हतं. हे त्यांना लागलं होतं. पण 'मला' हा शब्दच तोंडात नसलेला माणूस ते सांगणार कसं?

मग एका संध्याकाळी मुलगी बसमधून उतरली आणि चार नंबरच्या फलाटावरचं एक तपकिरी कुत्रं तिच्या मागोमाग चालत घरापर्यंत आलं. त्याचा एक कान उभा, एक पडलेला. ते सरळ आत येऊन टेबलाखाली बसलं, राखीव जागा असल्यासारखं.

माईकरावांनी चमचा उचलला. टण्, टिंग. "सर्वांनी कृपया लक्ष द्यावे. या घरात कुत्रा ठेवण्यात येणार नाही."

कुत्र्याने मान डावीकडे कलती केली. दोन्ही डोळे माईकरावांवर रोखलेले.

माईकरावांनी रिवाजाप्रमाणे पुन्हा ठोके देऊन सूचना पुन्हा दिली. कुत्र्याने मान उजवीकडे कलती केली.

मुलीने कानातली गाणी काढली. नळही बंद होता. माईकरावांनी तिसऱ्यांदा चमचा उचलला. टण्, टिंग. "याआधीची सूचना रद्द करण्यात येत आहे."

अशा रीतीने कुत्रा घरात राहिला, आणि फलाटावरून आला म्हणून त्याचं नाव फलाट पडलं.

त्या दिवसापासून माईकरावांना नवी पालवी फुटली. ते फलाटला सकाळचं हवामान सांगायचे, पाण्याची वेळ सांगायचे, ताईंच्या गुडघ्याची खबर द्यायचे. फलाट प्रत्येक वेळी मान कलती करायचा. "बघितलंत?" असं विचारणं नियमात बसत नव्हतं, म्हणून ते म्हणायचे, "दखल घेण्यात आली आहे."

"बाबा, तो दखलबिखल घेत नाहीये," मुलगी फोनवर वाचत म्हणाली. "आवाज नेमका कुठून येतो ते कळावं म्हणून कान इकडचे तिकडे करतात, असं लिहिलंय."

"आवाज एका टेबलाच्या अंतरावरून येत आहे," माईकराव म्हणाले. "त्यात शोधण्यासारखं काही नाही."

लस टोचायला नेलं तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी दुसरंच सांगितलं. कुत्र्याला स्वतःचं नाकाड आड येतं, बोलणाऱ्याच्या तोंडाचा खालचा भाग दिसत नाही, म्हणून तो मान वाकडी करून बघत असावा. काहींचं असं म्हणणं आहे, खात्री कुणालाच नाही. हे माईकरावांच्या डोक्यात बसलं. घरी येताच त्यांनी जुन्या बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्याची वीतभर लांब नळी केली, दोरीने नाकावर बांधली आणि बायकोसमोर येऊन बसले.

बायको शेंगा सोलत होती. तिने एकदा बघितलं आणि पुन्हा शेंगांकडे वळली.

"वन्सं," ती ताईंना म्हणाली, "तुमच्या भावाला काहीतरी झालंय."

"बोलावं," नळीतून आवाज आला. "तोंड दिसतं की नाही याची तपासणी चालू आहे."

"काय बोलू?"

"काहीही. दिसत नाही. खरंच दिसत नाही." माईकरावांनी मान कलती केली. "आता दिसलं."

"चाळीस वर्षांनी दिसलं," बायको म्हणाली. "नाक बांधल्यावर."

ताईंना हसू आवरेना, त्या आत गेल्या. माईकरावांनी मात्र निष्कर्ष काढला. कुत्रा मान कलती करतो तो तोंड बघायला, आणि तोंड बघतो तो ऐकण्यासाठीच. म्हणजे तो ऐकतो. कुठल्याही रस्त्याने गेलं तरी ते याच फलाटावर येऊन लागायचे.

मार्च संपता संपता बातमी आली. एक तारखेपासून बसस्थानकावर नवं यंत्र येणार. चकचकीत पाट्यांवर अक्षरं फिरणार, एका बाईंचा स्वच्छ आवाज लागणार, आणि माईकरावांचा आवाज बंद.

त्या रात्री माईकराव जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, कप, चमचा आणि निम्म्या चहाची बाटली पिशवीत घेतली, फलाटला दोरी बांधली आणि मॅनेजरच्या खोलीत जाऊन उभे राहिले. मॅनेजर तरुण होता, पण माणूस वाईट नव्हता.

"बसा काका. अहो, वाईट वाटून घेऊ नका. हल्ली सूचना ऐकतंय कोण?"

"ऐकण्यात येतात," माईकराव म्हणाले. "पुरावा सोबत आणला आहे."

त्यांनी टेबलावर कप ठेवला, चहा ओतला, पातळी तपासली. टण्, टिंग. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक चारवरील बस सुटण्याच्या तयारीत आहे." फलाटची मान झुकली, इतकी सुंदर की मॅनेजरने खुर्ची पुढे ओढली.

"मी बोलून बघू?" त्याने घसा साफ केला. "फलाट क्रमांक चारवरील बस सुटण्याच्या तयारीत आहे!" फलाटने जांभई दिली आणि मागच्या पायाने कान खाजवला.

माईकरावांनी चमचा पुसून पिशवीत ठेवला.

"मानलं काका," मॅनेजर म्हणाला. "पण कुत्रा तिकीट काढत नाही."

खिन्न मनाने ते बाहेर आले आणि चहाच्या टपरीपाशी टेकले. तेवढ्यात कर्ण्यातून त्यांचा स्वतःचाच आवाज आला. टण्, टिंग. आणि माईकरावांनी जे नोकरीच्या सगळ्या वर्षांत काचेच्या खोलीतून कधी पाहिलं नव्हतं, ते पाहिलं. फलाटावरची सगळी कुत्री उठून बसली. बाकाखालचं, टायरच्या सावलीतलं, तिकीट खिडकीपुढचं म्हातारं पांढरं, सगळ्यांनी एकदम मान कलती केली. एखाद्या शाळेत हजेरी घ्यावी तशी. माणसांपैकी एकानेही फोनमधून मान वर केली नाही.

माईकराव उठून उभे राहिले. "एवढे श्रोते!"

"कसले श्रोते, माईकराव," टपरीवाला फडक्याने हात पुसत म्हणाला. "तुमचा कप वाजला की माणसांची उठून धावपळ होणार, बाकावर बिस्किटं, पावाचे तुकडे राहणार. ह्यांना ते ठाऊक आहे. पिढ्यान्‌पिढ्या. ते कप ऐकतात हो. पुढचं तुमचं बोलणं म्हणजे त्यांच्या लेखी कपाचं शेपूट."

माईकरावांनी हे मानलं नाही. घरी येऊन त्यांनी फलाटला समोर बसवलं आणि कपाला हात न लावता बोलले. हवामान सांगितलं, पाण्याची वेळ सांगितली, चार नंबरची बस सोडली. फलाट पंजांवर हनुवटी टेकून झोपला. मग त्यांनी तोंड मिटून नुसता कप वाजवला. टण्, टिंग.

मान कलती झाली.

माईकरावांनी कप धुतला, पुसला, कपाटात मागे ठेवून दिला आणि बोलणं बंद केलं.

पहिले दोन दिवस घराला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी बायको न्हाणीघराच्या दारावर जाऊन आपटली, कारण ते रिकामं नाही हे कुणी सांगितलंच नव्हतं. चौथ्या दिवशी पाणी भरायचं राहिलं.

"आई, बाबांना काय झालंय?" मुलीने विचारलं.

"सेवा तात्पुरती बंद आहे," आई म्हणाली. पण हसली नाही. रात्री ती ताईंना म्हणाली, "वन्सं, सगळा जन्म वाटायचं की हे जरा गप्प बसावेत. आता बसलेत तर घर कसं खायला उठतं." ताईंनी तिच्या हातावर हात ठेवला.

एक तारीख आली आणि गेली. आणि नऊ तारखेला दारात डेपो मॅनेजर उभा. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"काका," तो खुर्चीत कोसळत म्हणाला, "बस रिकाम्या जातायत."

माईकरावांनी नुसत्या भुवया उंचावल्या.

"नवा आवाज एकदम झकास. पाट्या झकास. पण फलाटावर माणसं बसलेली ती बसलेलीच. गाडी लागते, वेळ होते, सुटते, आणि मग मागून आरडाओरडा. शेवटी मी हमालांच्या मुकादमाला गाठलं. म्हटलं, तुम्ही तरी उठा! तर तो म्हणतो, आम्हाला काय कळणार गाडी लागली ते? कुत्री कुठे मान वाकडी करतायत?"

"अगं बाई," बायको म्हणाली.

"म्हणजे बघा. कर्ण्यातलं हमालांना कधी नीट कळतच नव्हतं. ते कुत्र्यांकडे बघायचे. कुत्र्यांनी माना वळवल्या की हमाल उठायचे. हमाल उठले की प्रवासी उठायचे, फोनमध्ये बघत बघतच. सगळं स्थानक असं चाललं होतं. आणि आता कप नाही, म्हणून कुत्री झोपलेली!" त्याने कपाळाला हात लावला. "जुनं सगळं पुसलं गेलंय यंत्रातून. आमच्या कँटीनचे सगळे कप वाजवून बघितले. मी स्वतः वाजवले, फलाटावर उभं राहून, लोकांसमोर. एक शेपूट हललं नाही."

"मग?" मुलीने विचारलं.

"कप द्या काका. तेवढाच हवाय."

कित्येक दिवसांत पहिल्यांदाच माईकरावांच्या तोंडून शब्द फुटला. "आवाजाबाबत सूचना अपेक्षित आहे."

मॅनेजर ओशाळला. "आवाज बाईंचाच राहू दे. आवाजाची काही तक्रारच नाही. आवाज कुणी ऐकत नाही ना."

हे त्याने इतक्या सरळपणे सांगितलं की रागावता येईना. माईकराव उठून आत गेले. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, पण ते लगेच बाहेर आले नाहीत. बायको दाराकडे बघत राहिली. ते नाही म्हणाले असते तर घरातल्या कुणीही त्यांना दोष दिला नसता. पण बस रिकामी सुटते आणि माणूस फलाटावर राहतो, ही गोष्ट माईकरावांना आयुष्यात कधी सहन झाली नव्हती.

ते कप घेऊन आले. "चहा निम्मा," ते म्हणाले. "पहिला ठोका पोटावर, दुसरा काठावर. मध्ये एक श्वास."

मॅनेजरने बाही सरसावून ठोके दिले. टेबलाखालून फलाटने एक डोळा उघडला आणि मिटला.

"चमचा फार आवळला जात आहे."

पुन्हा. नापास. बायकोने आणखी थोडा चहा ओतला, मुलीने थोडा काढला. सगळं घर कपाभोवती वाकलं होतं. मॅनेजरच्या कपाळावर घाम आला. टण्... टिंग.

फलाट उठून बसला. त्याने मॅनेजरकडे पाहिलं, मान हळूच डावीकडे कलती केली आणि शेपूट एकदा जमिनीवर आपटलं.

"पास!" मुलगी ओरडली. मॅनेजर फलाटच्या पाया पडायच्या बेतात होता. कप कागदात गुंडाळला गेला, सगळ्यांचे आभार झाले, जिन्यावर पावलं वाजली आणि घर पुन्हा शांत झालं.

टेबलावर चमचा तेवढा राहिला होता. माईकरावांनी तो उचलला. सवयीने उजवीकडे हात गेला, तिथे काही नव्हतं. त्यांनी चमचा उलटा करून बघितला आणि बशीत ठेवून दिला. फलाट पुन्हा झोपला होता. ताई डायरी उघडून बसल्या होत्या. बायको किटली आत नेत होती.

"मला," माईकराव म्हणाले आणि थांबले. शब्द नवा असल्यासारखा त्यांनी तो पुन्हा चाचपला. "मला अजून अर्धा कप चहा मिळेल का?"

बायको दारात थबकली. तिने मान किंचित डावीकडे कलती केली, दुसऱ्याच कुणाच्या घरातून आवाज आल्यासारखी.

"काय म्हणालात?"

प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची सवय होती, ते बरंच झालं. "मला अजून अर्धा कप चहा मिळेल का?"

तिची मान उजवीकडे झुकली. मग ती परत आली, शेजारची खुर्ची ओढून बसली आणि पाच कपांतला एक त्यांच्यापुढे सरकवला.

"अर्धा कशाला," ती म्हणाली. "पूर्ण घ्या. गरम आहे."

ताईंनी टोपण काढलं आणि त्या दिवसाच्या नोंदीखाली एक ओळ वाढवली: संध्याकाळी चहा दुसऱ्यांदा झाला. दूध संपलं, उद्या अर्धा लिटर जास्त घ्यायचं.